चाळीच्या नळापासून लोकसभेपर्यंत : अहिल्या रांगणेकर

(शिवडी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९७७ च्या मार्चमधील लोकसभा निवडणूक आणीबाणीच्या पराभवाची निवडणूक म्हणून ओळखली जाते, आणि ते रास्तच आहे. परंतु त्या निकालाची एक दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. त्या सहाव्या लोकसभेत निवडून आलेल्या स्त्रियांची संख्या अवघी १९ होती. ५४२ जागांच्या सभागृहात हे प्रमाण साडेतीन टक्के पडते. स्वतंत्र भारताच्या कोणत्याही लोकसभेत इतक्या कमी स्त्रिया निवडून आलेल्या नाहीत. देशाला लोकशाही परत मिळाली त्या वर्षीच देशातील अर्ध्या लोकसंख्येचे प्रतिनिधित्व तळाला गेले होते.

आता याच निकालात मुंबईकडे पाहा. मुंबईच्या सहा जागांपैकी उत्तर मुंबईतून मृणाल गोरे आणि उत्तर-मध्य मुंबईतून अहिल्या रांगणेकर निवडून आल्या. सहापैकी दोन, म्हणजे नेमका एक-तृतीयांश वाटा. जो एक-तृतीयांश वाटा संविधानात लिहून घ्यायला या देशाला २०२३ साल उजाडावे लागले, तो मुंबईच्या मतदाराने १९७७ मध्ये कोणताही कायदा नसताना देऊन टाकला होता. हे कसे घडले, याचा विचार आजच्या कार्यकर्त्याने केला पाहिजे. मृणालताईंचे चरित्र आपल्या वर्तुळात पुष्कळांना ठाऊक आहे. म्हणून येथे अहिल्याताईंच्या आयुष्याच्या आधारे या प्रश्नाचे उत्तर शोधू. त्या दुसऱ्या पक्षाच्या होत्या, परंतु त्यांची कर्मभूमी हीच, परळ-लालबाग-शिवडीची, गिरण्यांची आणि चाळींची होती.

अहिल्याताईंच्या आधीची परंपरा प्रथम लक्षात घेऊ. मुंबई इलाख्यात स्त्रियांना कायदेमंडळासाठी मताचा अधिकार १९२१ मध्ये मिळाला. १९२३ मध्ये मुंबई महापालिकेत स्त्रियांनी प्रवेश केला, त्यांत गिरगावात हिंद महिला समाज उभारणाऱ्या अवंतिकाबाई गोखले होत्या. १९३५ च्या कायद्याने मुंबईच्या विधानसभेतील १७५ जागांपैकी ६ जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या आणि १९३७ च्या निवडणुकीत त्या भरल्या गेल्या. या सर्व स्त्रियांचे कर्तृत्व मोठे होते आणि त्यांनी दार उघडले नसते तर पुढच्यांना आत जाता आले नसते. परंतु तो मताधिकार मालमत्तेच्या व शिक्षणाच्या अटींनी बांधलेला होता. शिवडीच्या किंवा काळाचौकीच्या गिरणीत राबणारी बाई त्या मतदारयादीत सहसा नव्हती. मुंबई महापालिकेची निवडणूक प्रौढ मताधिकाराने झाली ती १९४८ मध्ये आणि लोकसभेची १९५१-५२ मध्ये.

तरीही कायदेमंडळ आणि गिरणीतील बाई यांचा संबंध त्याआधीच जुळला होता. १९२९ चा मुंबईचा प्रसूती लाभ कायदा हा या देशातील अशा प्रकारचा पहिला कायदा. १९२८ मध्ये त्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात पाठिंबा दिला होता. मातृत्वाच्या काळात स्त्रीला मिळणाऱ्या विश्रांतीचा भार मालकाने आणि सरकारने उचलला पाहिजे, ही त्यामागची भूमिका होती. कायदा झाला. परंतु जिच्यासाठी तो झाला, तिला स्वतःचा प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार मिळायला आणखी दोन दशके जावी लागली. अहिल्याताईंचे सार्वजनिक आयुष्य सुरू होते ते या मधल्या काळात.

अहिल्या रणदिवे यांचा जन्म ८ जुलै १९२२ रोजी पुण्यात झाला. कम्युनिस्ट नेते बी. टी. रणदिवे हे त्यांचे थोरले बंधू. या नात्याचा त्यांना राजकीय लाभ झाला असे कोणी म्हणत असेल, तर त्याने त्या काळच्या कम्युनिस्ट पक्षाचा इतिहास पुन्हा वाचावा. १९४८ ते १९५० या काळात बीटीआर यांच्या नेतृत्वाखाली पक्षाने जो मार्ग धरला, त्याने त्या आडनावाभोवती मतांपेक्षा वादच अधिक गोळा केले. १९४२ च्या लढ्यात विद्यार्थिदशेतील अहिल्याताई उतरल्या व तुरुंगात गेल्या. १९४३ मध्ये त्या कम्युनिस्ट पक्षात आल्या आणि १९४५ मध्ये कामगार चळवळीतील कार्यकर्ते पां. भा. रांगणेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. ज्या पक्षाने 'छोडो भारत' आंदोलनाला विरोध केला, त्या पक्षात बेचाळीसची तुरुंगवासी तरुणी वर्षभरात दाखल होते, हे समाजवादी कार्यकर्त्यांना दीर्घकाळ खुपत राहिले. बेचाळीसची भूमिका चूक होती, याविषयी समाजवाद्यांच्या मनात संदेह नव्हता आणि आजही असण्याचे कारण नाही. परंतु एखाद्या कार्यकर्तीचे मूल्यमापन तिच्या पक्षाच्या एका ठरावावर करायचे, की तिने पुढची सहासष्ट वर्षे कोणामध्ये राहून काय केले यावर करायचे, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. मृणालताईंनी त्याचे उत्तर १९७२ मध्ये कृतीने दिले. त्याकडे पुढे येऊ.

१९४३ साल हे अन्नटंचाईचे साल होते. बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती. मुंबईत त्या वर्षीच्या मे महिन्यात धान्याचे रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी परळ महिला संघाची स्थापना झाली आणि अहिल्याताई त्याच्या संस्थापक कार्यकर्त्यांपैकी होत्या. रेशनच्या दुकानापुढील रांग, मापात मारले जाणारे धान्य, रॉकेलचा काळाबाजार, चाळीतील पाणी आणि संडास, हे या बायांचे रोजचे प्रश्न होते आणि त्या प्रश्नांतूनच संघाची बांधणी झाली.

या बायका कोण होत्या? १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. वाइंडिंग आणि रिळिंग ही त्यांची मुख्य खाती. रोजंदारी कमी, आणि भरती नाइकिणीच्या मर्जीवर. ज्या गिरणीत नव्हत्या, त्यांपैकी कितीतरी जणी कोकणातून, घाटावरून आलेल्या एकट्या कामगारांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या होत्या. हप्ता मिळाल्यावर पैसे देणारे गिऱ्हाईक आणि रोख मागणारा वाणी यांच्यामधली उधारी त्या आपल्या अंगावर घेत. संप झाला की कामगार गावी जाई, पण खाणावळवालीचे देणे मागे राही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात या स्त्रीला 'अनुत्पादक' रकान्यात टाकले जाई. प्रत्यक्षात मुंबईच्या कापड धंद्याला स्वस्त मजूर मिळत होता तो हिच्या चुलीमुळे. या खाणावळवाल्यांची स्वतंत्र संघटना व्हायला १९७५ साल उजाडले. त्या वर्षी प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.

१९४६ च्या फेब्रुवारीत नाविकांचे बंड झाले. 'तलवार'वर १८ तारखेला ठिणगी पडली आणि २२ तारखेला मुंबईचा कामगार नाविकांच्या पाठिंब्यासाठी संपावर गेला. त्या दोन-तीन दिवसांत मुंबईच्या रस्त्यांवर लष्कराच्या व पोलिसांच्या गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मारली गेली. परळमध्ये झालेल्या गोळीबारात परळ महिला संघाच्या कार्यकर्त्या कमल दोंदे ठार झाल्या, कुसुम रणदिवे यांच्या पायाला गोळी लागली. त्यांच्याबरोबर असलेल्या अहिल्याताई वाचल्या. त्या वेळी त्यांचे वय तेवीस होते. नाविकांच्या बंडाची स्मारके झाली, पुस्तके झाली, परंतु कमल दोंदे हे नाव गिरणगावाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. रेशनच्या प्रश्नावर संघटित झालेली चाळीतील स्त्री साम्राज्यशाहीच्या बंदुकीसमोर कशी येऊन ठेपते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

डॉ. राममनोहर लोहिया यांनी कार्यकर्त्यासाठी तीन साधने सांगितली : फावडे, तुरुंग आणि मतपेटी. रचनात्मक काम, संघर्ष आणि निवडणूक यांपैकी एकही सुटले तर समाजवादी राजकारण लंगडे होते, असा त्याचा अर्थ. अहिल्याताईंचा लोहियांच्या विचाराशी संबंध नव्हता. तरीही ही तीनही साधने सलगपणे वापरणाऱ्या फार थोड्या व्यक्तींमध्ये त्यांची गणना करावी लागेल. परळ महिला संघाचे काम हे त्यांचे फावडे होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी स्त्रियांचे मोर्चे काढले आणि कारावास पत्करला. त्या लढ्यात एस. एम. जोशी आणि कॉम्रेड डांगे एका व्यासपीठावर आले. शिवडीपासून वरळीपर्यंतच्या चाळींतून बाहेर पडणाऱ्या बायांना तर समाजवादी कोण आणि कम्युनिस्ट कोण हा भेद करण्याची गरजच वाटली नाही. समिती पुढे फुटली, पण चाळीतील त्या ओळखी टिकल्या.

१९६१ मध्ये अहिल्याताई मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. त्याच निवडणुकीत गोरेगावातून मृणाल गोरे निवडून आल्या. दोघींच्या संसदीय आयुष्याचा आरंभ एकाच सभागृहात, एकाच वर्षी झाला. चीनच्या आक्रमणानंतर कम्युनिस्टांची धरपकड झाली, तेव्हा नगरसेविका असलेल्या अहिल्याताईंनाही भारत संरक्षण नियमांखाली दीर्घकाळ स्थानबद्ध करण्यात आले. खटला न चालवता लोकप्रतिनिधीला डांबून ठेवण्याच्या या पद्धतीचे पूर्ण रूप देशाने १९७५ मध्ये पाहिले. पण ज्यांनी १९६२ मध्ये गप्प बसणे पसंत केले, त्यांना १९७५ चे आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते.

महापालिकेतील राजकारणाला आपल्याकडे कनिष्ठ समजण्याची खोड आहे. नगरसेवक म्हणजे गटार आणि दिवाबत्ती, खरे राजकारण विधानसभेत आणि त्याहून खरे दिल्लीत, असा एक समज कार्यकर्त्यांतही असतो. परंतु नळाला पाणी किती वेळ येते, हा प्रश्न वर्गव्यवस्थेचाच प्रश्न आहे. मलबार हिलच्या बंगल्यातील बागेला पाणी मिळते आणि चाळीच्या एका नळावर चाळीस बिऱ्हाडांची रांग लागते, तेव्हा त्या रांगेत जाणारा वेळ हा स्त्रीच्या श्रमाचा न मोजलेला खर्च असतो. कोणत्याही वेतन मंडळाने तो धरलेला नाही. महापालिकेच्या अंदाजपत्रकावर बोलणारी स्त्री जेव्हा जलवाहिन्यांच्या खर्चाचा हिशेब मागते, तेव्हा ती याच खर्चाचा हिशेब मागत असते. अहिल्याताईंचे आणि मृणालताईंचे बळ यात होते की, त्या सभागृहात जे बोलत त्याच्या मागे नळावरच्या बायांची संघटना उभी असे.

या बळाची खरी कसोटी १९७२ नंतर लागली. महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला होता. रेशनवर परदेशी मिलो खाऊन लोक दिवस काढत होते. देशात घाऊक किमती १९७३-७४ मध्ये सुमारे २० टक्क्यांनी आणि १९७४-७५ मध्ये सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्या. संघटित कामगाराला या वाढीपासून काही संरक्षण होते, कारण गिरणी कामगाराचा महागाई भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेला होता. परंतु हा निर्देशांकही निर्दोष नव्हता. १९६० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या कामगारांनी त्यावर आक्षेप घेतला, तेव्हा नेमलेल्या प्रा. डी. टी. लकडावाला समितीने त्यातील उणिवा मान्य केल्या होत्या. शिवाय भत्ता मिळतो तो किमती वाढून गेल्यावर, आणि वाढलेली किंमत द्यावी लागते ती दुकानात त्याच दिवशी. मधल्या काळातील तूट भरून काढते ती घर चालवणारी स्त्री : स्वतःच्या ताटातले कमी करून, दागिना गहाण टाकून, दुसऱ्याची धुणीभांडी करून. आणि जिच्या घरात महागाई भत्ता घेणारा कोणीच नाही, ती विधवा, ती खाणावळवाली, ती फेरीवाली, तिला तर निर्देशांकाचाही आधार नाही.

महागाईविरुद्धचा लढा कामगार संघटनांच्या वेतनमागणीत पूर्णपणे का मावत नाही, याचे कारण हे आहे. ते कारण पुरुष नेत्यांच्या आधी या स्त्रियांनी ओळखले. १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. समाजवादी पक्षाच्या मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी अशा निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रिया एका समितीत आल्या. त्या वेळी या पक्षांच्या पुरुष नेत्यांचे परस्परांशी किती सख्य होते, हे सांगायला नको. हाती लाटणे घेऊन हजारो बाया रस्त्यावर आल्या. थाळ्या वाजवीत मोर्चे निघाले, मंत्र्यांना घेराव पडले, तेल आणि धान्य कोठे दडवले याचा जाब व्यापाऱ्यांना विचारला गेला. लाटणे मोर्चा हा शब्द मराठीला या समितीने दिला.

या समितीविषयी दोन आक्षेप तेव्हाही घेतले गेले. एक असा की, लाटणे हाती घेऊन स्त्रीने स्वतःला स्वयंपाकघरातच बांधून घेतले. दुसरा असा की, तेला-साखरेच्या मागणीत समाजपरिवर्तनाचा कार्यक्रम कोठे आहे? दोन्ही आक्षेपांत तथ्यांश आहे. समितीने घरातील श्रमविभागणीला हात घातला नाही, नवऱ्याच्या मारहाणीवर ती बोलली नाही. ते काम पुढच्या पिढीच्या स्त्री संघटनांनी केले. परंतु आजवर सभेच्या मागच्या रांगेतही न बसलेली स्त्री या मोर्चांमुळे मंत्रालयाच्या दारापर्यंत गेली, पोलिसांच्या गाडीत बसली, आणि घरी परतली तेव्हा ती पूर्वीची राहिली नव्हती. कार्यक्रम अपुरा होता म्हणून आंदोलन व्यर्थ ठरत नाही.

आणीबाणी आली आणि ही सर्व मंडळी तुरुंगात गेली. मृणालताई भूमिगत राहून डिसेंबर १९७५ मध्ये पकडल्या गेल्या. प्रमिलाताई येरवड्यात होत्या. अहिल्याताईंनाही पुन्हा कारावास घडला. १९७७ ची निवडणूक जाहीर झाली तेव्हा मार्क्सवादी पक्षाने महाराष्ट्रात जनता पक्षाशी समझोता केला. त्या पक्षाचे महाराष्ट्रातून तीन उमेदवार निवडून आले : बीडमधून गंगाधर अप्पा बुरांडे, डहाणूतून लहानू कोम आणि मुंबईतून अहिल्याताई. "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात" अशी घोषणा मृणालताईंच्या विजयाबरोबर मुंबईभर झाली. त्या घोषणेत विनोद आहे, पण तो विनोद लोकांनी ओळखलेल्या सत्याचा आहे. नळावरून दिल्लीला जाण्याची एक वाट असते, आणि ती पंधरा-वीस वर्षांच्या कामातून पडते, हे मतदाराला कळले होते.

सहावी लोकसभा पाच वर्षे टिकली नाही. १९७९ च्या ऑगस्टमध्ये ती विसर्जित झाली. १९८० मध्ये उत्तर-मध्य मुंबईतून प्रमिला दंडवते निवडून आल्या. एकाच मतदारसंघाने लागोपाठ दोन निवडणुकांत, दोन वेगळ्या पक्षांच्या, चळवळीतून आलेल्या दोन स्त्रिया लोकसभेत पाठवल्या. हुंडा प्रतिबंधक कायदा कडक करण्यासाठी प्रमिलाताईंनी सातव्या लोकसभेत खासगी विधेयक मांडले. त्या मागणीला पुढे १९८४ च्या दुरुस्तीत काही अंशी रूप आले. महागाईपासून सुरू झालेली वाट हुंडाबळीच्या प्रश्नापर्यंत पोचली होती. त्याच सुमारास, १९८१ मध्ये, अखिल भारतीय जनवादी महिला संघटना स्थापन झाली आणि अहिल्याताई तिच्या आघाडीच्या नेत्यांत होत्या. १९८३ ते १९८६ या काळात त्यांनी आपल्या पक्षाचे महाराष्ट्राचे चिटणीसपद सांभाळले. एका डाव्या पक्षाचे राज्यपातळीवरील सर्वोच्च पद, तेही महिला आघाडीचे नव्हे तर संपूर्ण पक्षाचे, त्या काळात एका स्त्रीकडे होते. समाजवादी पक्षांनी आपल्या इतिहासात अशा नेमणुका किती केल्या, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

परंतु गौरवाबरोबर अपयशाचीही नोंद घेतली पाहिजे, आणि ते अपयश एकट्या अहिल्याताईंचे नव्हे, तर सर्व कामगार चळवळीचे आहे. १९२० च्या दशकात गिरण्यांत पाचवा हिस्सा असलेल्या स्त्रिया १९७० च्या दशकापर्यंत पाच टक्क्यांच्याही खाली आल्या होत्या. नवी यंत्रे वाइंडिंग खात्यात आली, रात्रपाळीवर स्त्रियांना बंदी होती, प्रसूती लाभाचा खर्च मालकांना नको होता. यांपैकी प्रत्येक कारण खरे आहे. पण आणखी एक कारण आहे : कामगार संघटनांनी या कपातीविरुद्ध जिवाच्या आकांताने लढा दिला नाही. पुरुषाला कुटुंब पोसण्याइतके वेतन मिळाले की बाईची नोकरी गेली तरी चालेल, असा विचार उघडपणे मांडला गेला नसला तरी व्यवहारात तोच चालला. जी स्त्री गिरणीतून बाहेर पडली, तिच्याबरोबर संघटनेतील तिची जागाही गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा घरे चालवली ती स्त्रियांनी. पण संपाचे निर्णय घेणाऱ्यांत त्या नव्हत्या. ज्या चळवळीने अहिल्याताई घडवल्या, तिनेच अहिल्याताईंसारख्या शेकडो जणी घडण्याची जागा हळूहळू बंद होऊ दिली.

अहिल्याताईंचे निधन १९ एप्रिल २००९ रोजी झाले. त्यानंतर संसदीय राजकारणातील स्त्रियांची स्थिती कागदावर पुष्कळ बदलली आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. १९९६ मध्ये प्रथम मांडले गेलेले महिला आरक्षण विधेयक सत्तावीस वर्षांच्या खेळखंडोब्यानंतर २०२३ मध्ये संमत झाले. मात्र जनगणना आणि तिच्या आधारे होणारी मतदारसंघांची पुनर्रचना यांच्याशी त्याची अंमलबजावणी बांधून ठेवण्यात आली. त्यामुळे २०२४ ची लोकसभा निवडणूक आरक्षणाविनाच झाली आणि ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या. १९७७ च्या १९ पेक्षा ही संख्या मोठी आहे. परंतु या चौऱ्याहत्तरांपैकी किती जणी नळावरून, रेशनच्या रांगेतून, कारखान्याच्या दारातून आल्या आणि किती जणी कोणाच्या तरी कन्या, स्नुषा वा पत्नी म्हणून आल्या, हेही तपासले पाहिजे.

आरक्षणाला विरोध करण्याचे कारण नाही. समाजवाद्यांनी विशेष संधीचे तत्त्व मांडले आहे आणि लोहियांनी त्यात स्त्रियांचा समावेश आग्रहाने केला होता. परंतु आरक्षण जागा देते, कार्यकर्ती देत नाही. ज्या पक्षाकडे वस्तीत काम करणारी स्त्री नसेल, तो पक्ष राखीव जागा नेत्याच्या घरातून भरील. आणि ज्या वस्तीत संघटना नसेल, तेथे निवडून आलेली स्त्री कितीही सचोटीची असली तरी एकटी पडेल. शिवाय प्रशिक्षणाची पहिली शाळाच बंद पडू शकते, हेही मुंबईने अनुभवले. २०२२ च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार सभागृहाविना, प्रशासकाच्या हाती राहिला. ज्या सभागृहात अहिल्याताई आणि मृणालताई घडल्या, ते इतका काळ रिकामे राहिले आणि त्याविरुद्ध लाटणे घेऊन कोणी रस्त्यावर आले नाही.

याचा शिवडीशी काय संबंध, असे कोणी विचारील. शिवडीच्या बी. डी. डी. चाळी पहा. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासाची योजना मार्गी लागली, तेव्हा शिवडीच्या चाळी मागे राहिल्या. कारण त्या उभ्या आहेत ती जमीन बंदराची, म्हणजे केंद्र सरकारच्या ताब्यातील. याच शिवडीहून न्हावा शेव्याला जाणारा सागरी पूल २०२४ च्या जानेवारीत खुला झाला. पुलासाठी केंद्र, राज्य आणि बंदर यांचे जमते, पण शंभर वर्षांच्या चाळीतील खोल्यांसाठी जमत नाही. हा प्रश्न नगरसेवकाच्या आवाक्यातला नाही, तो लोकसभेतच धसास लागू शकतो. पण तो लोकसभेत मांडणाऱ्याला या चाळींच्या जिन्याखालचा काळोख आणि सार्वजनिक संडासापुढची रांग ठाऊक असली पाहिजे. चाळीचा नळ आणि लोकसभा यांच्यातील अंतर किती कमी आहे, हे शिवडीइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

म्हणून अहिल्याताईंच्या चरित्रातून कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी घ्याव्यात. स्त्री कार्यकर्तीला महिला आघाडीच्या खोलीत न बसवता वॉर्ड समितीपासून राज्य समितीपर्यंत, जेथे उमेदवारी आणि पैसा ठरतो तेथे, जागा द्यावी. पाणी, रेशन, घरभाडे, इस्पितळ या प्रश्नांवर वस्तीत कायम चालणारी समिती असावी. निवडणुकीपूर्वी तीन महिने उघडणारे आणि निकालानंतर बंद होणारे कार्यालय हे तिची जागा घेऊ शकत नाही. आणि या कामात दुसऱ्या डाव्या पक्षाची बाई बरोबर येत असेल, तर तिला बेचाळीसचा, चौसष्टचा किंवा सत्याहत्तरचा हिशेब विचारत बसू नये. १९७२ मध्ये तो हिशेब बाजूला ठेवला म्हणूनच पाच वर्षांनी मुंबईतून दोन स्त्रिया लोकसभेत जाऊ शकल्या. नव्या कायद्याने येणाऱ्या राखीव जागांसाठी उमेदवार शोधण्याची वेळ आज ना उद्या येईलच. त्या वेळी शिवडीच्या चाळीत पंधरा वर्षे काम केलेली एक तरी स्त्री पक्षाकडे असायची असेल, तर तिचे काम आजच सुरू झाले पाहिजे.